मामा म्हणजे बाप, बाबा म्हणजे आजी

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. या शहराच्या माथ्यावर, सोलोलाकीच्या टेकडीवर, एका स्त्रीची वीस मीटर उंचीची मूर्ती उभी आहे. १९५८ साली ती बसवली गेली. तिच्या एका हातात वाइनचा वाडगा आहे, घरी येणाऱ्या मित्रासाठी. दुसऱ्या हातात तलवार आहे, चालून येणाऱ्या शत्रूसाठी. मूर्तीचं नाव ‘कार्तलिस देदा’, म्हणजे जॉर्जियाची आई. जॉर्जियन भाषेत आईला ‘देदा’ म्हणतात. मातृभाषा म्हणजे ‘देदा एना’, राजधानीचं शहर म्हणजे ‘देदाकालाकी’. आणि वडिलांना काय म्हणतात? वडिलांना म्हणतात ‘मामा’.

मराठी माणसाला मामा म्हणजे आईचा भाऊ. इंग्रज, स्वाहिली बोलणारा केनियन आणि चिनी माणूस यांना ‘मामा’ म्हणजे आई. जॉर्जियात तो बाप. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी वाळवंटी प्रदेशात राहणाऱ्या पित्यांजात्यारा या आदिवासी समाजाच्या भाषेतही ‘मामा’ म्हणजे बापच. जॉर्जियन आणि पित्यांजात्यारा यांचा एकमेकींशी कुठल्याही काळात संबंध आल्याचा पुरावा नाही.

‘बाबा’ या शब्दाचा प्रवास तर याहून लांबचा आहे. तुर्की, फारसी, चिनी, स्वाहिली, योरुबा, झुलू आणि मराठी इतक्या दूरदूरच्या भाषांत ‘बाबा’ किंवा त्याच्या अगदी जवळचा शब्द वडिलांसाठी वापरतात. पण बल्गेरियात गेलात तर ‘बाबा’ म्हणजे आजी. रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे खेड्यातली बाई किंवा म्हातारी, आणि त्यावरूनच आजीसाठीचा ‘बाबुश्का’ हा लाडका शब्द आला. रशियन परीकथांत कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहणारी चेटकीण ‘बाबा यागा’ हीही म्हातारीच. जपानी भाषेतही ‘बाबा’ म्हणजे म्हातारी बाई.

दोन अक्षरी शब्द, उच्चार जवळपास तोच, आणि अर्थ कुठे बाप, कुठे आई, कुठे आजी, कुठे मामा. हे असं का व्हावं? हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. माणसाचं मूल बोलायला कसं शिकतं आणि दोन भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत की नाहीत हे कसं ठरवायचं, या दोन मोठ्या प्रश्नांची उत्तरं त्यात दडलेली आहेत.

सारखेपणाची भुरळ

दूरच्या भाषेत आपल्यासारखा शब्द सापडला की माणूस हरखून जातो. तमिळमध्ये आईला ‘अम्मा’ आणि वडिलांना ‘अप्पा’ म्हणतात. कोरियन मुलं आईला ‘ओम्मा’ आणि वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात. कोरियन मालिका घरोघरी पोचल्यापासून ही जोडी अनेकांच्या लक्षात आली आहे आणि तमिळ व कोरियन या सख्ख्या बहिणी आहेत असं ठामपणे सांगणारेही भेटतात. ही कल्पना नवी नाही. होमर हल्बर्ट नावाच्या, कोरियात राहिलेल्या अमेरिकन अभ्यासकानं १९०५ साली कोरियन आणि भारतातल्या द्राविडी भाषांच्या व्याकरणाची तुलना करणारं पुस्तकच प्रसिद्ध केलं होतं. भाषाशास्त्रानं मात्र हे नातं मान्य केलेलं नाही. ‘अप्पा-अम्मा’ची जोडी तर त्याला पुरावा म्हणून अजिबात चालत नाही. तशी ती चालवायची ठरवली तर वडिलांना ‘आपा’ म्हणणारे हंगेरियनही त्याच घरात आणावे लागतील.

याच भुरळीची दुसरी बाजू म्हणजे आपल्याकडे मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरणारा एक संदेश. ‘मम्मी म्हणजे इजिप्तमधलं प्रेत, आईला मम्मी म्हणू नका,’ असं तो बजावतो. आईला आई म्हणावं, हा आग्रह कुणी धरला तर त्याचा आदरच आहे. पण त्यासाठी दिलेलं कारण खोटं आहे. इजिप्तमधल्या जतन केलेल्या देहाला ‘ममी’ म्हणतात तो शब्द फारसीतल्या मेणासाठीच्या शब्दावरून आला. त्या मूळ शब्दावरून ‘मूमिया’ झाला. मूमिया म्हणजे डांबरासारखा एक काळा पदार्थ, जो औषध म्हणून वापरत. इजिप्तमधले लेप दिलेले देह काळवंडलेले, डांबर फासल्यासारखे दिसत, म्हणून हा शब्द त्यांना चिकटला आणि अरबी, लॅटिन असा फिरत युरोपात गेला. म्हणजे तो ‘ममी’ आपल्या मोमबत्तीतल्या मोमाचा नातेवाईक आहे. आईला हाक मारणाऱ्या ‘मम्मी’शी त्याचा काहीही संबंध नाही. ती ‘मम्मी’ आली बाळाच्या तोंडातून.

बाळाच्या तोंडात काय घडतं

सहा महिन्यांच्या आसपासचं बाळ जवळ घेऊन त्याच्या तोंडाकडे नीट पाहावं. ते आवाज काढत असतं. मध्येच त्याचा खालचा जबडा वर जातो, ओठ मिटतात, पुन्हा उघडतात, पुन्हा मिटतात. गळ्यातला आवाज चालूच असतो. बाळानं अजून काहीही ‘म्हणायचं’ ठरवलेलं नसतं. पण जबड्याच्या या नुसत्या उघडमिटीतून ऐकू येतं ‘बाबाबाबा’. हीच उघडमीट चालू असताना टाळूचा मागचा मऊ भाग, म्हणजे पडजिभेकडचा भाग, खाली सैल सुटलेला असेल तर हवा नाकातून जाते आणि ऐकू येतं ‘मामामामा’. ब आणि म यांच्यातला फरक एवढाच. ओठांचं काम दोन्हींत तेच.

जीभ थोडी पुढे असेल आणि तिचं टोक दातांमागे टेकलं तर ‘दादा’, ‘ताता’, ‘नाना’. जिभेचा मागचा भाग उचलला गेला तर ‘काका’, ‘गागा’. स्वर म्हणाल तर ‘आ’ सर्वांत सोपा, कारण तोंड नुसतं उघडलं की तो आपोआप येतो. टेक्सास विद्यापीठातले पीटर मॅक्नीलेज आणि त्यांच्या सहकारी बार्बरा डेव्हिस यांनी बाळांच्या बडबडीचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांची मांडणी अशी, की बोलण्याचा पहिला सांगाडा म्हणजे जबड्याची ही लयबद्ध हालचाल. चघळण्यासाठी, चोखण्यासाठी ती आधीपासून तयार असते. ओठ आणि जीभ यांच्यावर स्वतंत्र ताबा नंतर येतो. म्हणूनच र, ळ, ष यांसारखे उच्चार मुलांना उशिरा जमतात आणि आपल्याकडचं दोन-अडीच वर्षांचं मूल ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणतं.

एकच अक्षर दोनदा का? एक कारण उघडच आहे, जबडा एकदा हलला की हलत राहतो. पण ऐकण्याच्या बाजूनंही काही तयारी असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जेमतेम काही दिवसांच्या नवजात बाळांना वेगवेगळे निरर्थक शब्द ऐकवले गेले आणि त्यांच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाची नोंद घेतली गेली. ज्या शब्दांत शेवटची दोन अक्षरं लागोपाठ सारखी होती, त्यांना बाळांच्या मेंदूनं वेगळा, अधिक जोरदार प्रतिसाद दिला. जोडअक्षरांचं हे आकर्षण माणूस जन्माला येतानाच घेऊन येतो, असं त्यावरून दिसतं.

बडबडीसाठी कान मात्र लागतात. किंब्रो ऑलर आणि रेबेका आयलर्स यांनी १९८८ साली दाखवून दिलं, की ऐकू येणारी बाळं साधारण सहा ते दहा महिन्यांत ‘बाबाबा’सारखी स्पष्ट बडबड करू लागतात, तर जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळांत ती बरीच उशिरा सुरू होते. आणि ज्या ऐकू न येणाऱ्या बाळांभोवती घरात खुणांची भाषा बोलली जाते, ती बाळं हातांनी बडबड करतात. लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये हे नोंदवलं. त्या मुलांच्या हातांतही तीच लय असते, तीच पुनरुक्ती असते. भाषेची ओढ ओठांपुरती नाही, ती त्याहून खोलवरची आहे.

मम्मं

आता प्रश्न उरतो, सोपे उच्चार इतके असताना आईच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी ‘म’च का आला?

रोमान याकोब्सन हा मॉस्कोत जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला विसाव्या शतकातला थोर भाषाशास्त्रज्ञ. १९६० साली त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता ‘मामा आणि पापाच का?’ त्याच्यासमोर जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञानं गोळा केलेली यादी होती. जगभरच्या भाषांतले आई-वडिलांसाठीचे एकूण १०७२ शब्द, त्यांतले ५३१ आईसाठीचे आणि ५४१ वडिलांसाठीचे. त्यात असं दिसलं, की आईसाठीच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत मुख्य व्यंजन म, न यांसारखं नाकातलं होतं. वडिलांसाठीच्या शब्दांत हे प्रमाण केवळ १५ टक्के होतं. इतका मोठा फरक योगायोगानं पडत नाही.

याकोब्सनचं स्पष्टीकरण असं. बाळ अंगावर पीत असताना त्याचं तोंड बंद असतं. त्या वेळी ते हुंकार देतं, आणि तोंड बंद असल्यामुळे तो नाकातूनच येतो. पुढे भूक लागली किंवा दूध दिसलं की बाळ तोच हुंकार, आता रिकाम्या तोंडानं, मागणी म्हणून काढतं. ओठ उघडले की त्याचा ‘म’ होतो. ही मागणी पुरी करणारी व्यक्ती म्हणजे आई. त्यामुळे तो आवाज आधी खाण्याचा असतो आणि मग आईचा होतो.

मराठी आईला हे वेगळं समजवायला नको. आपण बाळाला भरवताना काय म्हणतो? ‘मम्मं’. जपानी आया बाळाच्या खाण्याला ‘माम्मा’ म्हणतात. मराठी आणि जपानी यांचं नातं नाही आणि बाळाच्या खाण्याचा शब्द कुणी समुद्रापार जाऊन उसना आणत नाही.

याची एक नोंद चार्ल्स डार्विननंही करून ठेवली आहे. १८३९ साली त्याला पहिला मुलगा झाला. उत्क्रांतीचा विचार करत असलेला हा बाप मुलाचं एकेक वागणं वहीत टिपत होता. त्या टिपणांवर आधारलेला लेख त्यानं १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो, की बरोबर एक वर्षाचा असताना मुलानं खाण्यासाठी स्वतःचा शब्द शोधून काढला. तो होता ‘मम’. भूक लागली की रडण्याऐवजी मुलगा प्रश्न विचारल्यासारख्या सुरात ‘मम’ म्हणे. पुढे साखरेला तो ‘शू-मम’ म्हणू लागला. हा शब्द त्याला कुणी शिकवलेला नव्हता, असं डार्विनचं म्हणणं. एकाच मुलाच्या तोंडी, एकाच घरात, तो शब्द तयार होताना एका शास्त्रज्ञानं पाहिला.

पण प्रमाण ५५ टक्के आहे, शंभर नाही, हेही विसरता कामा नये. तेलुगूत वडिलांना ‘नान्ना’ म्हणतात, म्हणजे नाकातला उच्चार तिथे वडिलांकडे गेला. उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक लोकांच्या भाषेत प, ब, म ही ओठांची व्यंजनं मुळातच नाहीत. तिथे आईसाठी ‘इस्ता’ असा शब्द आहे. बाळाची बडबड काहीही असो, घरातली भाषा शेवटी आपल्या नियमांत बसेल तेवढंच स्वीकारते.

अर्थ कोण देतं?

बाळाच्या बडबडीला आरंभी अर्थ नसतो. अर्थ देतात मोठी माणसं. पाळण्यातून ‘बाबाबा’ ऐकू आलं की मराठी घरात आनंदीआनंद होतो, ‘अगं, बाबा म्हणाला!’ बल्गेरियन घरात त्याच आवाजानं आजी सुखावते. तिबिलिसीत ‘मामामा’ ऐकून बाप धावत येतो. बाळाच्या दृष्टीनं घडतं ते एवढंच, की एक विशिष्ट आवाज काढला की एक विशिष्ट माणूस येतो. तो माणूस स्वतःकडे बोट दाखवून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. असं शेकडो वेळा झालं की आवाजाचा शब्द होतो.

हे शिकणं फार लवकर सुरू होतं. रूथ टिंकॉफ आणि पीटर युसिक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा महिन्यांच्या बाळांसमोर शेजारी-शेजारी दोन चित्रफिती लावल्या होत्या, एकीत त्यांची आई, दुसरीत वडील. ‘मम्मी’ ऐकवल्यावर बाळं आईकडे जास्त वेळ पाहत, ‘डॅडी’ ऐकवल्यावर वडिलांकडे. पडद्यावर अनोळखी स्त्री-पुरुष दाखवले तेव्हा मात्र तसं झालं नाही. म्हणजे बाळांच्या लेखी ‘मम्मी’ म्हणजे कुणीही बाई नव्हे. ते त्या एका माणसाचं नाव आहे.

कुठला आवाज कुणाला द्यायचा, हे समाजानं ठरवायचं, याचा सुंदर दाखला जॉर्जियाच्या शेजारीच मिळतो. जॉर्जियात ‘देदा’ म्हणजे आई. सीमा ओलांडून दक्षिणेला तुर्कस्तानात गेलं की ‘देदे’ म्हणजे आजोबा. उत्तरेला रशियात ‘देद’ म्हणजेही आजोबाच. आपल्याकडे ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ, हिंदीत वडिलांचे वडील, आणि अनेक जुन्या मराठी घरांत खुद्द वडिलांनाच ‘दादा’ म्हणत. ‘नाना’ हिंदीत आईचे वडील. मराठीत ते घरातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाचं नाव होऊ शकतं, पेशवाईतल्या नाना फडणवीसांसारखं. ‘काका’ आपल्याकडे वडिलांचा भाऊ, पंजाबीत लहान मुलगा.

शब्दाचा रोख कधी कधी उलटाही फिरतो. अरब घरांत वडील स्वतःच्या मुलाला लाडानं ‘बाबा’ म्हणून हाक मारतात. बंगाली घरांत मुलाला ‘बाबा’ आणि मुलीला ‘मा’ म्हणतात. आपणही चिडलो किंवा समजूत काढायला बसलो, की ‘अरे बाबा’ म्हणतो. मुरलीधर देविदास आमटे यांना ‘बाबा’ हे नाव आनंदवन उभं केल्यावर लोकांनी आदरानं दिलं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते त्यांचं घरातलं, लहानपणापासूनचं लाडाचं नाव होतं. साईबाबा आणि गाडगेबाबा यांतला ‘बाबा’ वेगळ्या वाटेनं आला, तो वडीलकीचा आणि श्रद्धेचा. एकाच मराठी शब्दात बाळ, बाप आणि संत तिघंही मावले आहेत.

खरं नातं कसं ओळखायचं?

मग भाषांचं नातं ठरतं कशावरून? जुन्या, खानदानी शब्दांवरून, आणि गंमत अशी की तिथे सारखेपणा बऱ्याचदा दिसतच नाही.

संस्कृतमध्ये ‘पितृ’, ग्रीक आणि लॅटिनमध्ये ‘पाटेर’, इंग्रजीत ‘फादर’. संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’. हे एकाच शब्दात असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण पद आणि फूट, पंच आणि फाइव्ह, पूर्ण आणि फुल, अशा जोड्या ओळीनं लागतात. डेन्मार्कचा रास्मुस रास्क आणि जर्मनीचा याकोब ग्रिम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नियम मांडले, ग्रिमनं १८२२ साली. भाषांचं नातं ठरतं ते नियमानं झालेल्या अशा बदलांवरून. नुसतं साम्य पुरत नाही, फरकातही शिस्त असावी लागते.

पाळण्यातले शब्द ही शिस्त पाळत नाहीत, कारण ते प्रत्येक पिढीत नव्यानं तयार होत राहतात. संस्कृत ‘मातृ’ आणि ‘स्वसृ’ (म्हणजे बहीण) मिळून झालेला ‘मातृष्वसृ’ हा शब्द प्राकृतातून झिजत झिजत मराठीत ‘मावशी’ झाला. मावशीतली ‘शी’ ही त्या ‘स्वसृ’ची खूण, आणि म्हणून इंग्रजीतल्या ‘सिस्टर’ची नात्यातली. ऐकून पटतही नाही, पण हे नातं खरं आहे. यातृ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको, तिची मराठीत ‘जाऊ’ झाली. उलट ‘मामा’ हजारो वर्षांत जराही झिजलेला नाही. ‘मावशी’ परंपरेनं आली. ‘मामा’ परंपरेनंही येतो आणि प्रत्येक बाळाच्या तोंडी नव्यानंही उगवतो.

कधी मात्र झिजण्याचा नियम या शब्दांनाही गाठतो. जपानी भाषेत आईला ‘हाहा’ म्हणतात. अभ्यासकांच्या मते त्याचं फार जुनं रूप ‘पापा’ होतं. जपानी भाषेत ‘प’ हळूहळू ओठांजवळच्या ‘फ’सारखा झाला आणि मग त्याचा ‘ह’ झाला. याचा पुरावा एका कोड्यात सापडतो. १५१६ सालच्या एका जपानी कोड्यांच्या संग्रहात विचारलं आहे, की आईशी दोनदा गाठ पडते आणि बापाशी एकदाही नाही, असं काय? उत्तर आहे, ओठ. आजच्या ‘हाहा’ या उच्चारात ओठ कुठेच एकमेकांजवळ येत नाहीत, म्हणजे कोडं सुटतच नाही. पण त्या काळी उच्चार ‘फाफा’ असा होता, आणि तो करताना ओठ दोनदा जवळ येतात. वडिलांसाठीच्या ‘चिची’त मात्र ओठांना काम नाही. आवाज साठवून ठेवणारं कुठलंही यंत्र नसताना पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार एका कोड्यानं जपला. ‘हाहा’ आज मोठ्यांच्या बोलण्यातला शब्द आहे. अनेक जपानी घरांत मुलं आता ‘मामा’ आणि ‘पापा’ म्हणतात. उच्चार बाळाच्या आवाक्याबाहेर गेला, तसे बाहेरून आलेले ओठांचे शब्द घरात रुळले.

कधी याउलट घडतं. बाळाचा शब्द खानदानी शब्दाला हटवतो. आजच्या तुर्कस्तानात साडेतीन हजार वर्षांपूर्वी नांदणारी हित्ती भाषा संस्कृतच्याच कुळातली. पण तिथल्या मातीच्या पाट्यांवर ‘पितृ’चा भाऊबंद सापडत नाही. तिथे वडील ‘अत्ता’ आणि आई ‘अन्ना’ आहे. मराठीतही काही वेगळं झालं नाही. ‘पितर’ उरले ते पितृपक्षापुरते, रोजच्या घरात ‘बाबा’ आले.

मोठ्यांच्या जगात

हे शब्द पाळण्यात राहत नाहीत. ग्रीक मुलं बापाला ज्या शब्दानं हाक मारत, तो ‘पापास’ धर्मगुरूंसाठी वापरात आला. सुरुवातीला तो अनेक बिशपांना लागे. अकराव्या शतकात पोप सातव्या ग्रेगरीच्या काळात तो फक्त रोमच्या गादीचा, असं ठासून सांगितलं गेलं. ‘पोप’ म्हणजे मुळात ‘बाबा’च. ॲरमाइक भाषेतला ‘अब्बा’ युरोपात जाऊन मठाधिपतीची पदवी झाला. आपल्याकडचा ‘पाद्री’ मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. तो पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला, आणि पाद्रे लॅटिन ‘पाटेर’वरून. म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेला पाद्री हा आपल्या ‘पितृ’चा दूरचा भाऊ आहे.

लॅटिनमध्ये ‘मामा’ म्हणजे स्तनही. कार्ल लिनेअसनं १७५८ साली आपल्या पिलांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या वर्गाला ‘मामालिया’ हे नाव दिलं, ते त्यावरूनच. ‘अता’ म्हणजे तुर्कीत बाप, पूर्वज. १९३४ साली मुस्तफा केमालला ‘अतातुर्क’, तुर्कांचा पिता, हे आडनाव दिलं गेलं. आणि मुंबईच्या चाळीतला आदराचा ‘दादा’ गल्लीवर सत्ता गाजवू लागला तेव्हा त्यातून ‘दादागिरी’ निघाली.

मग आदिम भाषेचं काय?

काही अभ्यासक अजूनही म्हणतात, की ‘मामा’, ‘पापा’, ‘काका’ हे साऱ्या मानवजातीच्या एकाच आदिभाषेचे उरलेले अवशेष आहेत. अमेरिकेतले मेरिट रूलेन हे या विचाराचे सर्वांत ठळक पुरस्कर्ते होते. बास्क भाषेचे जाणकार लॅरी ट्रास्क यांनी २००४ मध्ये याच प्रश्नावर लिहिताना हा दावा खोडून काढला. त्यांचा मुद्दा साधा आणि मला पूर्ण पटलेला आहे. एवढ्या काळात साऱ्याच भाषांतले शब्द ओळखू येणार नाहीत इतके बदलले. मग नेमके हेच कसे जसेच्या तसे राहिले? ते टिकून राहिले नाहीत, ते पुन्हा पुन्हा जन्माला आले. पालक बाळाची बडबड आपल्याशी जोडत राहतात, तोवर ते जन्माला येत राहणार.

म्हणून कुणी सारखा दिसणारा एखादा शब्द पुढे करून आपली भाषा साऱ्या भाषांची जननी असल्याचं सांगू लागलं, तर आधी दोन गोष्टी तपासाव्यात. तो शब्द पाळण्यातला आहे का, आणि त्याच्यासोबत नियमानं बदललेल्या शब्दांची रांग उभी राहते का. पाळण्यातला असेल आणि मागे रांग नसेल, तर तो दावा सोडून द्यावा. असल्या आधाराची मराठीला गरजही नाही. या मूठभर अक्षरांतून मराठीनं काय उभं केलं ते पाहावं. बाबा, दादा, नाना, तात्या, आबा, काका, मामा आणि त्यांच्या जोडीला मामी, काकी, माई, ताई. इंग्रजी एका ‘अंकल’मध्ये काका, मामा, मावशीचे यजमान आणि आतोबा सगळ्यांना कोंबते. मराठीनं बाळाला सहज येणाऱ्या आवाजांना वेगवेगळी माणसं नेमून दिली, प्रत्येकाचा मान, हक्क आणि लाड वेगळा ठेवला. आवाज सगळ्या जगाच्या मुलांचे आहेत. हे नेमून देणं आपलं आहे, आणि अभिमान बाळगायचा तर तो त्याचा.